काटा कुणी आणला?

आमच्या लोणंदच्या कांदाबाजारात केवढा गलका असतो! पण त्याने कुणी दचकत नाही. रात्री दूरवरून आगगाडीचा भोंगा आला, की मात्र माणूस कान टवकारतो. भीती आवाजात नसते, अंतरात असते.

रहस्यपटाच्या संगीतकारांना हे नेमके ठाऊक असते. 'महल' (१९४९)मध्ये खेमचंद प्रकाश यांच्या गाण्यासाठी लता मंगेशकर दूर उभ्या राहिल्या आणि गात गात मायक्रोफोनजवळ आल्या. तबकडीवर नाव मात्र छापले 'कामिनी', म्हणजे चित्रपटातल्या नायिकेचे! रेडिओच्या श्रोत्यांनी विचारणा केली, तेव्हा खरे नाव कळले.

राजा परांजपे यांच्या 'पाठलाग' (१९६४)चे संगीतकार दत्ता डावजेकर, हे आपल्या घरोघर ठाऊक. पण मुंबईच्या स्टुडिओंतून व्हायोलिने वाजवणारे, वाद्यवृंदाचे स्वरलेखन करणारे ते गोव्याचे कलावंत? त्यांतल्या बहुतेकांची नावे श्रेयनामावलीत आलीच नाहीत आणि त्यांच्यासाठी कुणी पत्रेही लिहिली नाहीत.

खून कुणी केला, ते शेवटच्या रिळात कळते, वाचकहो! आपल्या अंगावर काटा कुणी आणला, हे मात्र दिवे लागले तरी कळत नाही.