बायबल-चिकित्सेची जर्मन परिभाषा आणि मराठी अभ्यासक

मार्टिन डिबेलियुस यांचा ‘डी फॉर्मगेशिष्टे डेस एव्हांगेलिउम्स’ हा ग्रंथ १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शुभवर्तमानांतील कथा व वचने लेखनिविष्ट होण्यापूर्वी मौखिक परंपरेत कोणत्या रूपांनी वावरली आणि ती रूपे कोणत्या सामुदायिक गरजांतून घडली, याचा शोध घेणारी ही पद्धती. ‘गेशिष्टे’ म्हणजे इतिहास. म्हणून हा रूपांचा इतिहास. इंग्रजीत त्याचे ‘फॉर्म क्रिटिसिझम’ झाले. इतिहास गळाला, समीक्षा आली. त्यावरून मराठीत ‘रूपसमीक्षा’ म्हटले की घोटाळा पुरा होतो, कारण त्या शब्दाने आपल्याला साहित्यकृतीची स्वायत्तता मानणारी रूपवादी समीक्षाच आठवते. डिबेलियुस यांची दिशा नेमकी उलट आहे. हेर्मान गुंकेल यांची ‘झित्स इम लेबेन’, म्हणजे जीवनातील जागा, ही संज्ञा त्या दिशेची किल्ली होय. ओवीचा विचार जात्याला वगळून करू नये, हे आपल्या लोकसाहित्याच्या अभ्यासकाला सांगावे लागत नाही; गुंकेल स्तोत्रप्रकारांचे मूळ उपासनाविधीत शोधत होते.

तेव्हा बायबलच्या संशोधनाकडे वळणाऱ्या, किंवा त्यातील पद्धती मौखिक परंपरेच्या अभ्यासासाठी उसन्या घेणाऱ्या विद्यार्थ्याने जर्मन वाचावयास शिकावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वाचावयास, बोलावयास नव्हे. स्थानकावर तिकीट कसे मागावे येथून आरंभ करणारे वर्ग त्याच्या उपयोगाचे नाहीत. व्याकरणाची रूपरेषा, एक चांगला कोश आणि स्वतःच्या विषयातील एखादे प्रकरण एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. भाषांतरे आहेतच, हा आक्षेप फारसा टिकत नाही. बुल्टमान यांचा सिनॉप्टिक परंपरेवरील ग्रंथ १९२१ चा. तो इंग्रजीत आला १९६३ मध्ये.

शिवाय इंग्रजीभाषक जेथे अडखळतो ती रचना आपल्याला घरची आहे. ‘डी फॉन वेलहाउझेन फरट्रेटेने आउफफासुंग’ म्हणजे ‘वेलहाउझेन यांनी मांडलेली भूमिका’. एवढे लांब विशेषण नामाआधी ठेवणे इंग्रजीला पेलत नाही. मराठीत आपण ते रोज ठेवतो. गौणवाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद, तीन लिंगे, लांबलचक समास, यांचेही आपल्याला नवल वाटू नये.

खरा सापळा वेगळाच आहे. ‘इस्ट’च्या जागी ‘झाय’ आले की लेखक बहुधा दुसऱ्याचे म्हणणे सांगत असतो. आपण ‘असे अमुक यांचे म्हणणे’ अशी खूण करतो. जर्मन पंडित परिच्छेदभर केवळ क्रियारूपावर भागवतो. ती खूण निसटली की त्याने खोडण्यासाठी मांडलेला पूर्वपक्ष त्याचाच सिद्धान्त म्हणून प्रबंधात उद्धृत होतो.

आणि कोशही सर्वत्र तारत नाही. मार्टिन केह्लर यांनी १८९२ मध्ये एका ग्रंथाच्या शीर्षकातच ‘हिस्टोरिश’ येशू आणि ‘गेशिष्टलिश’ ख्रिस्त यांना समोरासमोर उभे केले. पहिला पुराव्यांच्या छाननीतून इतिहासकाराने रचलेला. दुसरा इतिहासात प्रभावी ठरलेला, श्रद्धावंतांच्या उपदेशात जिवंत असलेला. इंग्रजी भाषांतराने ‘हिस्टॉरिकल’ आणि ‘हिस्टॉरिक’ अशी सोय केली. मराठीत दोहोंसाठी ‘ऐतिहासिक’ हाच शब्द हाताशी येतो. जन्मशकाची चिकित्सा करताना समोर असणारे तुकाराम आणि वारीच्या वाटेवर गायिले जाणारे तुकाराम यांच्याविषयी लिहितानाही आपण हाच एक शब्द वापरत आलो आहोत.