उत्तरं लपवा, पण त्याला कुलूप समजू नका



घटक चाचणी जवळ आली की आपल्या संगणकावर फाइलींची रांग लागते. 'चाचणी १', 'चाचणी १ उत्तरांसह', 'चाचणी १ नवीन', 'चाचणी १ एकदम शेवटची'. माझंही असंच चालायचं. एकदा आयताच्या क्षेत्रफळाच्या उदाहरणात मी आदल्या रात्री लांबी १२ ऐवजी १५ सेंमी केली. रुंदी ८ तशीच ठेवली. उत्तरसूची वेगळ्या फाइलीत होती, तिथे ९६ च राहिले. पेपर तपासताना १२० लिहिणाऱ्या सगळ्यांना मी चूक दिली. एक मुलगी पेपर घेऊन आली नि म्हणाली, "बाई, पंधरा आठे एकशेवीसच ना?" बाकीची मुलं गप्प बसली होती, कारण बाईंनी चूक दिली म्हणजे आपलंच चुकलं, असं त्यांनी धरलं होतं. मला तेच जास्त लागलं.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे: प्रश्न आणि उत्तर एकाच फाइलीत, एकाखाली एक असावं. प्रश्न बदलला की उत्तर डोळ्यांसमोरच असतं.

मग मुलांच्या प्रतीत उत्तर दिसू नये यासाठी काय करायचं? वर्डमध्ये उत्तराचा मजकूर निवडा, कंट्रोल आणि डी दाबा, फॉन्टच्या चौकटीत 'हिडन'वर खूण करा. परिच्छेदाच्या शेवटची खूणही निवडीत घ्या, नाहीतर तिथे रिकामी ओळ राहते. उत्तरांसह प्रत हवी असेल तेव्हा ऑप्शन्समधल्या डिस्प्ले विभागात लपलेला मजकूर छापण्याची सोय चालू करा. काम झालं की आठवणीने बंद करा.

लिबरऑफिस रायटर मोफत आहे आणि त्यात याहून चांगली सोय आहे. फाइलीच्या अगदी वर एक व्हेरिएबल ठेवायचं. त्याचं नाव इंग्रजी अक्षरांत, साधं असू द्या. समजा १ म्हणजे मुलांची प्रत, २ म्हणजे शिक्षकांची. प्रत्येक उत्तराचा सेक्शन करून 'हाइड'ला अट द्यायची: व्हेरिएबल १ असेल तर लपव. मग वरचा एक आकडा बदलला की सगळी उत्तरं एकदम दिसतात किंवा जातात. ज्या मुलांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी तिसरा आकडा ठेवून सूचक इशारेही दाखवता येतात. एकच कृतिपत्रिका, पण मुलागणिक मदत.

आता महत्त्वाचं. लपवलेलं म्हणजे पुसलेलं नव्हे. वर्डमध्ये परिच्छेदाच्या खुणा दाखवणारं बटण दाबलं की लपलेला मजकूर ठिपक्यांच्या रेघेसह समोर येतो. ते बटण शोधायला पाचवीतल्या मुलाला दोन मिनिटं पुरतात! रायटरमध्ये सेक्शनला पासवर्ड लावला तरी मजकूर फाइलीत असतोच. पांढऱ्या रंगात उत्तर लिहिणं तर त्याहून कच्चं. माउसने निवडलं की दिसलं.

म्हणून मूळ फाइल कधीच बाहेर द्यायची नाही. पालकांच्या ग्रुपवर फक्त पीडीएफ पाठवा. पाठवण्याआधी ती उघडून उत्तरातला एखादा शब्द शोधून बघा. सापडला तर काहीतरी राहिलंय. वर्डचीच फाइल द्यायची वेळ आली, तर आधी तिची वेगळी प्रत काढा आणि 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' वापरून त्या प्रतीतून लपलेला मजकूर काढून टाका. आणि एक पथ्य: मुलांचे गुण किंवा त्यांच्याविषयीचे शेरे अशा फाइलीत लपवूनसुद्धा ठेवू नका. उत्तर फुटलं तर नवा पेपर काढता येतो. मुलाबद्दलचा शेरा फुटला तर तो परत घेता येत नाही.

पालकांनो, शाळेकडून आलेल्या फाइलीत चुकून उत्तरं दिसली, तर मुलाला ती पाठ करायला देऊ नका, आम्हाला कळवा. आम्हीही माणसंच आहोत, चुकतो.

"एवढं शिकायला वेळ कुठाय?" असं काही जण म्हणतील. पहिल्यांदा तासभर जातो, खरंय. पण बरोबर लिहिलेल्या उत्तरावर फुली मारल्यावर त्या मुलाचा स्वतःवरचा विश्वास परत आणायला त्याहून खूप जास्त वेळ लागतो. पुढच्या चाचणीला पाच प्रश्नांवर करून तर बघा.