बंदर कसे पाहावे?

वैशाखाच्या दिवसांत मालवणच्या बंदरावर प्रवाशांची मोठी गर्दी लोटते. पावसाळा लागला, की समुद्र खवळतो आणि सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होड्या बंद होतात. म्हणून त्यापूर्वीच किल्ला पाहून घेण्याची प्रत्येकाची धडपड असते. होडीत बसावे, तटावरून एक फेरी मारावी आणि सायंकाळी घरची वाट धरावी, एवढ्यात अनेकांची सहल आटोपते. अशा भेटीत किल्ला दिसतो खरा. परंतु ज्याने बंदर पाहिले नाही, त्याला किल्लाही अर्धाच समजला असे म्हटले पाहिजे.

शिवाजी महाराजांनी इ. स. १६६४ मध्ये कुरटे बेटावर या जलदुर्गाचा पाया घातला. जंजिऱ्याचा सिद्दी, पोर्तुगीज व इंग्रज यांच्या आरमारांना तोंड द्यावयाचे, तर समुद्रात बळकट ठाणे हवे, हे त्यांनी ओळखले होते. त्यासाठी हेच बेट का निवडले, याचे उत्तर तटावर सापडत नाही. ते पाण्यात शोधावे लागते. बेटाच्या आसपास समुद्रात खडक पसरलेले आहेत. भरतीच्या वेळी त्यांतील कित्येक दिसतही नाहीत. परक्या जहाजाला ते घातक. माहीतगाराला मात्र तेच रक्षक! किल्ल्याच्या आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. बाहेर खडकांचा पहारा आणि आत पिण्याचे पाणी, असा दुहेरी लाभ या जागेला मिळाला आहे.

या खडकांतून वाट काढणारे लोक कोण होते? कोळी, भंडारी, गाबीत असे दर्यावर्दी लोक मराठ्यांच्या आरमारात होते. वारा, भरती-ओहोटी आणि पाण्याचा रंग यांवरून समुद्राचे मन ओळखण्याची विद्या त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केली.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांत सिंधुदुर्गही आहे. दगडी तटांचा हा गौरव योग्यच होय. परंतु तट ढासळला, तर तो पुन्हा बांधता येतो. वृद्ध तांडेलाच्या मुखातील विद्या कोणी ऐकून घेतली नाही, तर ती त्याच्याबरोबरच लोप पावते.

कोणी म्हणेल, “एका दिवसाच्या सहलीत एवढे सारे कसे साधावे?” त्याला फार वेळ लागत नाही. सरळ जाणारी होडी नावाड्याने मध्येच का वळवली, एवढे विद्यार्थ्यांनी त्याला आदराने विचारावे. त्याचे उत्तर लक्षपूर्वक ऐकावे आणि घरी आल्यावर वहीत लिहून ठेवावे. तटावर आपले नाव कोरणारा प्रवासी वारशाची हानी करतो. असे एक उत्तर टिपून ठेवणारा विद्यार्थी त्या वारशात भर घालतो.