दम्यासोबत जगताना : 'ऐवजी' नको, 'सोबत' हवे





कोजागरी जवळ आली आहे. आपल्या घरोघरी मसाला दुधाची तयारी सुरू होईल. त्याच रात्री आपल्या माळव्यात ठिकठिकाणी दम्याच्या रुग्णांना औषधी खीर वाटली जाते. वनौषधी घातलेली खीर चांदण्यात ठेवायची, रुग्णाने रात्रभर जागायचे आणि पहाटे ती खायची, अशी ही रीत आहे. हैदराबादला जूनमध्ये मृगाच्या सुमारास मरळ जातीच्या लहान जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून तो गिळायला देतात, आणि त्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून हजारो लोक रांगेत उभे राहतात. दमा माणसाला किती हैराण करतो, हे या रांगा पाहिल्या की कळते.

दरवर्षी या सुमारास दोन-चार पालक मला विचारतात, "मॅडम, मुलाला यंदा खिरीला नेऊ का?" मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. पण शाळेत तीसएक वर्षे काढल्यावर या विषयात माझे एक मत बनले आहे आणि ते स्पष्ट मांडायची ही जागा आहे. खीर, योग, प्राणायाम, आहार, काढा यांपैकी कशाशीही माझे भांडण नाही. माझे भांडण फक्त एका शब्दाशी आहे, आणि तो शब्द म्हणजे 'ऐवजी'. पंपासोबत योग, हे उत्तम. पंपाऐवजी योग, हे धोक्याचे.

आधी दमा म्हणजे काय ते समजून घेऊ. मी बी.एससी. हिंदी माध्यमातून केले, त्यामुळे अजूनही तोंडात आधी 'श्वासनली' येते, मग मराठीतली 'श्वासनलिका'. नाव काही असो, या नळ्यांना आतून कायमची थोडी सूज असते. धूळ, धूर, थंड हवा, सर्दी-पडसे असे काही निमित्त मिळाले की नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि श्वास बाहेर सोडणे कठीण होते. छातीतून शिटीसारखा आवाज येतो. म्हणून औषधेही दोन प्रकारची असतात. एक तात्पुरता आराम देणारे, बहुधा निळ्या पंपातले. ते आवळलेले स्नायू सैल करते. दुसरे रोज घ्यायचे. ते आतली सूज कमी ठेवते. घरोघरी गफलत होते ती इथेच. मुलाला बरे वाटले की रोजचा पंप बंद होतो आणि निळ्यावर भागवले जाते. सूज मात्र आत तशीच वाढत राहते. बारा वर्षांवरील मुलांना आणि मोठ्यांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, असे दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९ पासून सांगत आहेत.

"पंपाची सवय लागते", "पंपात स्टेरॉइड असते", ही दोन वाक्ये मी पालक सभेत नेहमी ऐकते. सवय पंपाची लागत नाही. आजार टिकून असतो म्हणून औषधही चालू ठेवावे लागते. चष्म्याची सवय लागली, असे आपण म्हणत नाही. स्टेरॉइडचे म्हणाल तर ते मायक्रोग्रॅममध्ये असते आणि थेट नळीत जाते, म्हणून गोळीच्या मानाने फारच थोडे पुरते. निळ्या पंपाचेच पाहा. त्याच्या एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर त्याच औषधाच्या गोळीत २ ते ४ मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पट. रोजच्या स्टेरॉइड पंपाने मुलाच्या अंतिम उंचीत साधारण एक सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, हे लपवण्याचे कारण नाही. पण वारंवार झटके येऊन मूल खचण्यापेक्षा हा फरक फार छोटा आहे. पंप घेतल्यावर चूळ भरून टाकायची, एवढी काळजी मात्र घ्यावी. उलट, नाव-गाव नसलेल्या 'दम्याच्या पुड्यां'त छुपे स्टेरॉइड मिसळल्याची उदाहरणे आपल्या देशात सापडलेली आहेत. म्हणून खीर असो की पुडी, त्यात काय घातले आहे हे विचारण्याचा संकोच करू नका.

ज्यांची श्रद्धा आयुर्वेदावर आहे त्यांनी चरकसंहिताच पाहावी. तिथे 'तमक श्वास' या नावाने आलेले वर्णन आजच्या दम्याशी पुष्कळ जुळते. ढगाळ हवा आणि थंडी यांनी तो वाढतो, आडवे झाल्यावर त्रास होतो आणि बसल्यावर आराम पडतो, हे सारे त्यात आहे. चरकांनी या विकाराला 'याप्य' म्हटले आहे, म्हणजे उपचार चालू ठेवून ताब्यात ठेवण्याजोगा. नुकताच सुरू झालेला असेल तर साध्यही होऊ शकतो, असे ते सांगतात. एका रात्रीत जुना दमा मुळासकट उपटण्याचे वचन त्या ग्रंथात नाही.

आता योगाबद्दल. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले, ते योग प्रयोगशाळेत तपासून पाहण्यासाठी. ही तपासण्याची वृत्तीच आपण घ्यावी. १९८५ मध्ये बंगळूरच्या संशोधकांचा दम्यावरील अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. ५३ रुग्णांनी दोन आठवडे योग शिकून रोज ६५ मिनिटे केला, आणि योग न करणाऱ्या तितक्याच रुग्णांशी त्यांची तुलना झाली. योग करणाऱ्यांचे झटके कमी झाले, औषधही कमी लागले. पुढे २०१६ मध्ये असे १५ अभ्यास आणि १,०४८ रुग्ण एकत्र धरून पाहिले गेले. निष्कर्ष असा की, योगाने लक्षणांत आणि रोजच्या जगण्यात थोडी सुधारणा बहुधा होते. फुप्फुसांची ताकद वाढते किंवा औषध सुटते, असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही. 'थोडी सुधारणा' ही क्षुल्लक गोष्ट नाही. रात्री शांत झोप लागणारे मूल सकाळी वर्गात लक्ष देते. पण त्या सुधारणेच्या भरवशावर पंप कपाटात ठेवून देणे योग्य नाही. शिवाय झटका आलेला असताना कपालभाती किंवा भस्त्रिका करायला लावू नये. त्या वेळी पंपच.

घरात करण्याजोगेही पुष्कळ आहे आणि त्याला खर्च येत नाही. मुलाच्या खोलीत अगरबत्ती, धूप आणि डासांची कॉइल लावू नका. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असतील तर त्यांना हात जोडून सांगा, मग ते आजोबा का असेनात. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा कडक पाण्यात धुवा. झुरळांचा बंदोबस्त करा. वजन वाढले असेल तर ते कमी केल्याने दमाही हलका होतो. केळे बंद, दही बंद, सीताफळ बंद, असे सरसकट करू नका. वाढत्या वयात त्याने मूल नुसते अशक्त होते. एक वही ठेवा, कशाने त्रास होतो ते लिहा आणि तेवढेच टाळा.

हवेचे महत्त्व किती, याचे एक उदाहरण आपल्या माळव्याच्या सोयाबीनशीच संबंधित आहे. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात अचानक एकाच दिवशी अनेक लोकांना दम्याचे झटके येत. असे २६ वेळा झाले. बऱ्याच शोधानंतर कळले की, ज्या दिवशी बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरे त्या दिवशी त्याच्या टरफलांची धूळ शहरावर पसरे. कोठारांना धूळ अडवणाऱ्या गाळण्या बसवल्या आणि या साथी आटोक्यात आल्या. तिथल्या रुग्णांचा कमकुवतपणा नव्हता, हवेत दोष होता. आपले इंदूर २०१७ पासून सलग स्वच्छतेत पहिले येत गेले, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण सध्या मंडीत सोयाबीनच्या ट्रॉल्या लागतात, पाठोपाठ दिवाळीचे फटाके येतात आणि पुढे रंगपंचमीच्या गेरमध्ये कोरडा गुलाल उडतो. दमेकरी मुलाने सण जरूर साजरे करावेत, पण धूर आणि धुळीपासून चार हात लांब राहून.

आता शाळेविषयी, कारण हे लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. प्रवेश अर्जात 'मुलाला असलेला आजार' असा रकाना आहे. त्यात बहुतेक जण 'निरंक' लिहितात. मुलींच्या बाबतीत तर हमखास, कारण पुढे लग्नाच्या वेळी अडचण नको. सातवीतला एक मुलगा आपला पंप मोज्यात लपवून आणत असे, कारण वर्गातली मुले त्याला 'पंपवाला' म्हणत. पंप असा लपवावा लागला, तर ऐन वेळी तो हाती येणार कसा? जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात, असा अंदाज आहे. रोजचे औषध वेळेवर आणि नियमित न मिळणे हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. ही लाज आपल्याला महाग पडते.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी चार गोष्टी ठेवत आहे. पहिली, मुलाचा पंप मुलाच्या दप्तरातच राहावा, कार्यालयाच्या कुलुपात नाही. दुसरी, डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद (रोजचे औषध कोणते, झटक्यात किती फवारे, कोणाला फोन) वर्गशिक्षकांकडे असावा. तिसरी, आवारात वाळलेला पाला जाळणे पूर्ण बंद व्हावे आणि फळे ओल्या फडक्याने पुसले जावेत. चौथी, शाळेच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रथमोपचार पेटीत दोन स्पेसर ठेवावेत. खर्च काही शे रुपयांचा आहे. स्नेहसंमेलनाच्या एका हाराइतकासुद्धा नाही.

शिक्षकांनी आणि मोठ्या विद्यार्थ्यांनीही एवढे पाठ करावे. झटका आल्यास मुलाला ताठ बसवा, आडवे करू नका. भोवतीची गर्दी हटवा. निळा पंप स्पेसर लावून, एकेक फवारा, कागदावर लिहिल्याप्रमाणे द्या. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा फवाऱ्यांनी आराम पडत नसेल, तर वाट न पाहता १०८ वर फोन करा आणि मगच घरी कळवा.

विद्यार्थी मित्रांनो, खेळाच्या तासाला कोणालाही दम्याच्या नावाने बाकावर बसवले जाणार नाही. दहा-पंधरा मिनिटे हळूहळू अंग गरम करायचे, पंप जवळ ठेवायचा आणि खेळायचे. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफला शाळकरी वयातच दमा असल्याचे कळले होते. तिने २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत पूर्ण केली आणि महिलांचा तो विश्वविक्रम २०१९ पर्यंत टिकला. तिने पंपही सोडला नाही आणि धावणेही सोडले नाही. तुमच्या वर्गात कोणी पंप घेत असेल तर त्याला नाव ठेवू नका. त्याचा पंप दप्तराच्या कोणत्या खणात आहे, तेवढे लक्षात ठेवा.

पालकांना विनंती आहे की, ज्यांनी 'निरंक' लिहिले आहे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मला येऊन भेटावे. माहिती वर्गशिक्षकांपलीकडे जाणार नाही, हा माझा शब्द. कोजागरीला खिरीसाठी जायचे असेल तर डॉक्टरांना विचारून खुशाल जा. मुलाला स्वेटर घाला, आणि पंप सोबत ठेवा.

आपली,
प्राचार्या