चिठ्ठी, गल्ला आणि परवाना

औषधाच्या दुकानात दोन निरनिराळे व्यवहार चालतात. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध पाहून, मोजून देणे हा पहिला. ग्राहकाचा त्रास ऐकून औषध स्वतःच ठरविणे हा दुसरा. पहिला व्यापार आहे, दुसरा उपचार. गल्ल्यात येणारी रक्कम दोन्हीकडे सारखीच असते, त्यामुळे हा फरक सहसा जाणवत नाही. कायद्याने मात्र पहिल्यासाठी दुकानाचा परवाना लागतो आणि दुसऱ्यासाठी वैद्यकीय परिषदेची नोंदणी. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात ज्या व्यापारी कुटुंबांची औषध दुकाने आहेत, त्यांना ही सीमारेषा ठाऊक असणे अत्यंत आवश्यक आहे.

हा वाद जुना आहे. इंग्लंडमध्ये १५१८ साली राजा आठवा हेन्री याच्या सनदेने लंडनच्या वैद्यांचे महाविद्यालय स्थापन झाले. या संस्थेच्या परवानगीवाचून लंडनमध्ये उपचार करणाऱ्यास दरमहा पाच पौंड दंड करता येत असे. औषधे विकणारे त्या काळी किराणा व मसाल्याच्या व्यापाऱ्यांच्या संघात मोडत. १६१७ साली त्यांना स्वतंत्र संघाची सनद मिळाली. पुढच्याच वर्षी महाविद्यालयाने औषधांची प्रमाणसंहिता प्रसिद्ध केली आणि त्या पाठांनुसारच औषधे बनविण्याचे बंधन दुकानदारांवर आले. वैद्यांनी लिहावे आणि दुकानदारांनी द्यावे, अशी ती व्यवस्था होती.

व्यवहारात ती टिकली नाही. वैद्यांचे शुल्क सामान्य माणसाला परवडत नसे. १६६५ च्या प्लेगमध्ये अनेक वैद्य लंडन सोडून गेले, तेव्हा मागे राहिलेल्या रुग्णांना औषध विक्रेत्यांचाच आधार उरला. पुढे विल्यम रोझ या विक्रेत्याने एका खाटकाला बराच काळ औषधे दिली. गुण आला नाही आणि बिल मात्र पन्नास पौंडांच्या आसपास गेले. तक्रार होऊन महाविद्यालयाने रोझवर खटला भरला. खालच्या न्यायालयाचा निकाल त्याच्या विरुद्ध गेला, परंतु १७०४ साली उमराव सभेने तो फिरविला. रूढी आणि लोकांची गरज यांचा विचार तेथे प्रभावी ठरला.

औषध विक्रेते या निकालाचा आनंद मानू शकले, पण गोष्ट तेथे संपली नाही. उपचार करायचा तर शिक्षण हवे, हा प्रश्न शिल्लकच होता. १८१५ च्या कायद्याने त्याचे उत्तर दिले. पाच वर्षांची उमेदवारी आणि संघाची परीक्षा यांवाचून कोणालाही या व्यवसायात पडता येणार नाही, असे ठरले. ज्यांनी हा मार्ग स्वीकारला, त्यांतूनच इंग्लंडमधील सामान्य रोगांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा वर्ग उभा राहिला. गरजेने दार उघडले, तरी आत प्रवेश शिक्षणानेच मिळाला.

भारतात या व्यवसायाला शिस्त लावण्याचे काम विसाव्या शतकात झाले. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३१ साली आपला अहवाल दिला. औषधांच्या दर्जावर आणि ती देणाऱ्यांच्या शिक्षणावर नियंत्रण हवे, अशी तिची शिफारस होती. त्यातून १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, हे फार्मसी कायद्याचे ४२ वे कलम सांगते. औषध नियमांतील ६५ व्या नियमानुसार शेड्यूल एच मधील औषधे चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. नोंदणीवाचून वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्यास महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या ३३ व्या कलमाने तुरुंगवासाची शिक्षा आहे. न्यायालयेही या बाबतीत कठोर आहेत. मुंबईतील एका प्रकरणात होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निष्काळजीपणाच ठरवून कुटुंबास तीन लाख रुपये भरपाई देवविली. पदवीधराची ही स्थिती असेल, तर पदवीवाचून गल्ल्यामागे उभ्या असलेल्या माणसाची काय होईल, याचा विचार प्रत्येक दुकानमालकाने करावा.

पिंपरीचे आणि या विषयाचे एक विशेष नाते आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता की हे औषध कोणालाही दुकानात विकत मिळू लागले, तर लोक अपुऱ्या मात्रेत घेतील आणि जंतू त्याला दाद देईनासे होतील. तसेच घडत गेले. अखेर केंद्र सरकारने शेड्यूल एच १ ही ४६ औषधांची वेगळी यादी केली. ती १ मार्च २०१४ पासून लागू झाली. त्यात वरच्या पिढीची प्रतिजैविके आणि क्षयाची औषधे आहेत. अशी प्रत्येक विक्री स्वतंत्र वहीत लिहावी लागते. डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि नग नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते.

चाकणच्या कंत्राटी कामगाराची अडचण खोटी नाही. दवाखान्यात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. पाळी संपवून तो रात्री दुकानात येतो आणि उद्या कामावर जाता यावे एवढेच मागतो. दुकानदाराला दया येते आणि दोन-तीन गोळ्यांची पुडी बांधली जाते. ताप डेंग्यूचा असेल, तर पुडीतील डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. खोकला क्षयाचा असेल, तर लिव्होफ्लोक्सॅसिनसारख्या औषधाने चार दिवस बरे वाटते आणि खरे निदान लांबते. तोवर त्याच खोलीत राहणाऱ्या सहकाऱ्यांना संसर्ग पोहोचतो. पुडीत स्टेरॉइड असेल, तर आराम लवकर पडतो, पण मधुमेह्याची साखर भडकते. दया खरी असली, तरी परिणाम रुग्णालाच भोगावा लागतो.

अशा वेळी नकार देणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे नव्हे. पॅरासिटामॉल, जलसंजीवनी यांसारखे साधे साहाय्य देता येते. ताप तीन दिवसांत उतरला नाही, श्वास लागला किंवा अंगावर लाल ठिपके दिसले, तर डॉक्टर गाठायला सांगता येते. विमा कपात होणाऱ्या कामगाराला मोहननगर, चिंचवड येथील कामगार विमा रुग्णालयाची आणि इतरांना पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाची वाट दाखविता येते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, हे सांगणे एखाद्या गोळीहून अधिक उपयोगी पडते.

मालकांच्या दृष्टीने आणखी एक दुखणे आहे ते भाड्याच्या प्रमाणपत्राचे. परवान्यावर फार्मासिस्टचे नाव असते, दरमहा त्याला ठरलेली रक्कम जाते आणि दुकानात मात्र घरचा मुलगा किंवा नोकर औषधे देतो. २०११ ते २०१४ या काळात महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्टची उपस्थिती आणि बिलांची सक्ती यांवर राज्यभर तपासणी झाली. तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. परंतु आकड्यांत मांडले, तर हा व्यवहार तोट्याचाच दिसतो. दुकानाचे कर्ज, मालाची उधारी आणि वितरकाचा विश्वास हे सारे एका परवान्यावर उभे असते. ६६ व्या नियमाखाली तो निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. वाचलेला फार्मासिस्टचा पगार आणि चिठ्ठीविना विकलेल्या स्ट्रिपचा नफा एका बाजूला ठेवावा आणि दुसऱ्या बाजूला संपूर्ण दुकान ठेवावे. कोणताही जाणता व्यापारी असा सौदा करणार नाही.

मार्ग जुनाच आहे, इंग्लंडने १८१५ साली स्वीकारलेला. ज्याला गल्ल्यामागे उभे राहायचे आहे, त्याने ती विद्या शिकावी. बारावी विज्ञानानंतर औषधनिर्माणशास्त्राची पदविका दोन वर्षांत मिळते आणि पुणे परिसरात ती देणाऱ्या संस्था आहेत. दुकान पुढे चालविणाऱ्या मुलाने किंवा सुनेने ती घेतली, तर परवान्यावरील नाव आणि दुकानात उभी असलेली व्यक्ती एकच होईल. तोवर पगारी फार्मासिस्टला पूर्णवेळ दुकानात बसवावे, एच १ ची वही रोज रात्री गल्ला मोजण्याआधी पूर्ण करावी आणि ‘चिठ्ठी आणा’ असे सांगताना संकोच बाळगू नये.