850 खाटा, पण नर्स किती?

रमजान लागला की आमच्या मोशी-भोसरी भागातले व्हॉट्सॲप ग्रुप हॉस्पिटलच्या बिलांनी भरून जातात. बिलाचा फोटो, आधार कार्डाचा फोटो, खाली क्यूआर कोड आणि शेवटी दोन शब्द : ‘जकात चलेगी.’ आमच्या मशिदीत येणाऱ्या दहा-बारा मुलांचा एक गट ही मदत गोळा करतो. हिशेब माझ्याकडे असतो. सॉफ्टवेअरवाला आहे म्हणजे याला एक्सेल येत असणारच, एवढीच माझी पात्रता.

त्या एक्सेलमधली एक ओळ गेल्या वर्षभरात माझ्या डोक्यातून गेलेली नाही. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर असलेला मुलगा, मूळचा परभणीकडचा. पगार साडेवीस हजार होता, तेव्हा दर महिन्याला ईएसआय कापला जायचा. कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के, म्हणजे दोघांचे मिळून महिन्याला आठशे वीस रुपये. मग पगार वाढला आणि बावीस हजार झाला. घरी शेवया झाल्या. पण ईएसआयची पगारमर्यादा 21,000 रुपये आहे आणि ती जानेवारी 2017 पासून तिथेच आहे. काही महिन्यांनी त्याचं कार्ड बंद झालं. त्यानंतर बायकोची प्रसूती सातव्या महिन्यात झाली. ज्या सरकारी रुग्णालयात तो आधी गेला, तिथे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात जागा नव्हती. जिथे जागा मिळाली ते खासगी हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत नव्हतं. बिल लाखांत गेलं. आम्ही पैसे जमवले, बाळ वाचलं, अल्हम्दुलिल्लाह.

त्याच महिन्यात माझ्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. माझ्या कंपनीचा मेडिक्लेम होता. मी एक कार्ड दाखवलं आणि सही केली. पगार माझा त्याच्या कितीतरी पट, आणि खिशातून गेलेला पैसा मात्र त्याचाच जास्त. या गोष्टीला कोणी एक माणूस जबाबदार नाही. व्यवस्था तशी बेतलेली आहे, आणि ती अर्थसंकल्पात बेतली जाते.

मदत करणं आपल्याला येतं, याचा अभिमान असायलाच हवा. मे 2020 मध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ईदचा खर्च टाळून, जकात आणि देणग्या मिळून सुमारे 36 लाख रुपये जमवले आणि तिथल्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात 10 खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी ईदच्या दिवशी ऑनलाइन उद्‌घाटन केलं. (जकातीचा पैसा मशीनला लागू होतो का, यावर उलेमांची वेगवेगळी मतं आहेत. तो माझा प्रांत नाही.) त्या काळात इतकी चांगली बातमी क्वचितच वाचायला मिळाली.

पण मी हिशेब ठेवणारा माणूस आहे, म्हणून एक हिशेब मांडतो. आठवड्याचे तास 168. एक नर्स आठवड्याला 48 तास काम करते. म्हणजे एका जागेवर चोवीस तास कोणीतरी उभं राहायचं तर साडेतीन नर्स लागतात. रजा, आजारपण, सण धरले की चार. अतिदक्षता विभागात दोन खाटांना एक नर्स धरली, खरं तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला एक स्वतंत्र नर्स हवी, तरी 10 खाटांना पाच जागा आणि वीस नर्स झाल्या. पगार तीस हजार धरा. महिन्याला सहा लाख. म्हणजे एका अख्ख्या शहराच्या समाजाने ईद बाजूला ठेवून जमवलेल्या रकमेत तो विभाग फक्त नर्सच्या पगारावर सहा महिने चालतो. त्यात डॉक्टर नाहीत, ऑक्सिजन नाही, औषधं नाहीत, एसी बंद पडला तर दुरुस्ती नाही.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. नवीन सिस्टिम सुरू झाली की केक कापला जातो. रात्री दोन वाजता ती बंद पडल्यावर फोन कोण उचलणार, त्या माणसाचं नाव कुठल्याच फोटोत नसतं. सरकारी आरोग्यखर्चातही नेमकं हेच होतं. इमारत हा भांडवली खर्च, एकदाच करायचा. भूमिपूजन होतं, कोनशिला बसते, कंत्राट निघतं. नर्स, लॅब टेक्निशियन, औषधं, सफाई हा महसुली खर्च, दर महिन्याला, कायमचा. त्याची कोनशिला बसत नाही. शिवाय कायम पद भरलं की पगारवाढ आणि निवृत्तीचे लाभ मागे लागतात. म्हणून पदं रिकामी ठेवायची आणि माणसं कंत्राटावर घ्यायची. इमारत नवी, यंत्र नवं आणि ते चालवणारा अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर.

हे सगळं आत्ता का लिहितो आहे? कारण महापालिकेने मोशीत 850 खाटांचं रुग्णालय उभारायला घेतलं आहे. मोशी 1997 मध्ये महापालिकेत आली. शहराचा कचरा आमच्याकडे येतो आणि आम्ही आजारी पडलो की पिंपरीला, संत तुकारामनगरच्या वायसीएमला जातो. साडेसातशे खाटांचं ते रुग्णालय नुसतं पिंपरी-चिंचवडचं राहिलेलं नाही. चाकण, खेड, मावळ, जुन्नरकडचे रुग्णही तिथेच येतात. म्हणून मोशीचं रुग्णालय हवंच आहे, आणि लवकर हवं आहे. माझा प्रश्न फक्त एवढाच, की वर केलेला हिशेब 850 खाटांसाठी कोणी केला आहे का? त्या पदांना मंजुरी आहे का? पगार कुठल्या लेखाशीर्षातून जाणार? की इमारत झाल्यावर ‘आमच्याकडे मनुष्यबळ नाही’ असं सांगून ती चालवायला खासगी संस्थेकडे द्यायची?

इमारतीच्या नादात माणसं सुटली की काय होतं, ते ठाण्याने पाहिलं. तिथलं जिल्हा रुग्णालय पाडून त्या जागी मोठं नवं रुग्णालय बांधायला घेतलं होतं. रुग्ण मात्र आजारी पडायचे थांबले नव्हते. ते कळव्याच्या महापालिका रुग्णालयात जाऊ लागले. 2023 च्या ऑगस्टमध्ये तिथे एका दिवसात 18 जण दगावले. कारणं अनेक होती, काही रुग्ण अगदी शेवटच्या अवस्थेत आणले गेले होते. पण 500 खाटांच्या रुग्णालयावर तेव्हा क्षमतेपेक्षा जास्त भार होता, हे लपलेलं नाही.

यंत्रांचंही तेच. 2021 च्या दुसऱ्या लाटेत तेव्हाच्या औरंगाबादच्या घाटी रुग्णालयाला पीएम केअर्समधून 150 व्हेंटिलेटर आले. त्यातले वापरात आणलेले 113 सदोष असल्याचं उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर आलं. केंद्राचं म्हणणं पडलं की चालवणाऱ्यांना नीट येत नसावं. यंत्र वाईट की प्रशिक्षण वाईट, हा वाद चालू असताना खाटेवरचा माणूस वाट बघत नव्हता.

एक गोष्ट आपल्या मुलांना फारशी माहीत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय. पण हा निर्णय महापालिकांच्या रुग्णालयांना लागू नव्हता. म्हणजे चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात जे फुकट, ते शहराच्या हद्दीत आलं की महापालिकेच्या दरपत्रकावर. आणि कामगार राहतो कुठे? काम चाकणला, भाड्याची खोली मोशी-चिखलीला.

विमा आहे की, असं कोणी म्हणेल. 1 जुलै 2024 पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. चांगलं झालं. ज्यांच्याकडे रेशन कार्ड परभणीचं आहे त्यांनाही इथे चालतं, हे घरोघरी सांगा. पण ही योजना दाखल झालेल्या रुग्णाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. शुगरची गोळी, बीपीची गोळी, दर महिन्याची तपासणी, तापाचं सलाईन, ही आपल्या घरातली रोजची गळती तिच्यात येत नाही. आणि हॉस्पिटल योजनेत नसेल तर कार्ड खिशातच राहतं. भाजी महाग वाटली तर पुढच्या गाडीवर जाता येतं. बाळ काचेच्या पेटीत असताना पुढच्या हॉस्पिटलला जाता येत नाही. केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1963 मध्ये हेच मांडलं होतं, की उपचारांचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. गिऱ्हाईकाला काय हवं ते गिऱ्हाईकाला कळत नाही, विकणाऱ्याला कळतं. म्हणून या बाजारात सरकारचं स्वतःचं चालू स्थितीतलं रुग्णालय असणं हाच गरिबाचा सौदा करण्याचा एकमेव जोर असतो.

देशाचं म्हणाल तर 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यात, म्हणजे कोविडच्या वर्षातही, तो 1.84 टक्के होता. त्याच वर्षी एकूण आरोग्यखर्चातले 39.4 टक्के लोकांनी थेट खिशातून भरले. दहा वर्षांपूर्वीपेक्षा हा आकडा बराच कमी झाला आहे, हे मान्य. तरी शंभरातले चाळीस.

‘आपलं स्वतःचं हॉस्पिटल काढू’ हा विषय दर रमजानला निघतो. मी विरोधात नाही. पण आधी कैरोकडे बघावं. सुलतान कलावूनने 1284 मध्ये तिथे बिमारिस्तान बांधलं. श्रीमंत-गरीब, बाई-पुरुष सगळ्यांना खुलं, उपचार फुकट. ते शतकानुशतकं चाललं, आणि ते काही भिंतींच्या जोरावर नाही. त्याच्या नावे मिळकती वक्फ केल्या होत्या, त्यांच्या उत्पन्नातून वैद्यांचे पगार, औषधं आणि रुग्णांचं जेवण निघत असे. आज वक्फ म्हटलं की आपल्याला कोर्टाच्या तारखाच आठवतात. पण त्या लोकांनी रुग्णालयाचा महसुली खर्च आधी सोडवला होता. आजच्या शहरात असं कायमचं उत्पन्न एकाच संस्थेकडे असतं, महापालिकेकडे, आणि ते तुमच्या-माझ्या पैशातून येतं. भाडेकरूही घरपट्टी भरतोच, भाड्यातून. मोबाईलच्या रिचार्जवर अठरा टक्के जीएसटी जातो तो जात विचारून कापत नाहीत आणि धर्म विचारूनही नाही. म्हणून रुग्णालयात नर्स मागणं ही आपली अल्पसंख्याक म्हणून मागणी नाही. घरपट्टीची पावती असलेला प्रत्येक माणूस ती मागू शकतो. आणि पलीकडच्या सोसायटीतला कुलकर्णी, शिंदे, कांबळे त्यासाठी आपल्याबरोबर उभा राहतो, हा माझा अनुभव आहे.

मार्च 2022 पासून आमच्या महापालिकेत प्रशासक होता. अर्थसंकल्प मांडणाराही तोच, मंजूर करणाराही तोच. आता जानेवारीत निवडणूक झाली. नगरसेवक आले. अर्थसंकल्पाचं पुस्तक जाड असतं, पण सगळं वाचायची गरज नाही. आरोग्य आणि वैद्यकीय विभागाची पानं काढा. मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च हे तीन आकडे शेजारी ठेवा. औषध खरेदीला किती धरले आणि किती खर्चले, इथपासून सुरुवात करा. आस्थापना खर्चात मंजूर पदं किती आणि भरलेली किती, ते पुस्तकात नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, फी दहा रुपये. दहावी पास माणसाला जमेल असं हे काम आहे. इंजिनिअर पोरांनी तर ते एका रात्रीत करावं, क्रिकेटच्या आकडेवारीवर आपण याहून जास्त वेळ घालवतो.

आमच्या गटाने या रमजानमध्ये एक्सेलला एक रकाना वाढवला आहे. प्रत्येक बिलासमोर आता लिहितो, हा रुग्ण सरकारी रुग्णालयात का थांबू शकला नाही. खाट नव्हती, नर्स नव्हती, मशीन बंद होतं, औषध बाहेरून आणायला सांगितलं, की आम्हीच आधी खासगीत गेलो. तेही होतं, ते लपवायचं नाही. नाव-गाव न लिहिता हा कागद तयार होतो आहे. ईद झाली की तो घेऊन आम्ही आमच्या नगरसेवकांकडे जाणार आहोत. सोबत परभणीवाला मुलगा येतो म्हणाला आहे. त्याची रात्रपाळी आहे, सकाळी सुटल्यावर थेट येईल.