एमजीबीचा काळा बंपर : जीर्णोद्धार की खाडाखोड? #धागा

ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इतिहासातील १९७४ हे वर्ष शौकिनांना फारसे प्रिय नाही. त्या वर्षी एमजीबी या लाडक्या गाडीचा चकाकता क्रोम बंपर गेला आणि त्या जागी काळा, जाडजूड, रबरी म्हणून ओळखला जाणारा बंपर आला. आज कित्येक मालक जीर्णोद्धाराच्या वेळी तो काढून क्रोम बसवतात आणि गाडी ‘मूळ रूपात’ आणल्याचे अभिमानाने सांगतात. हे मूळ रूप नेमके कोणाचे?

थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. १७९८ सीसीचे साधे, दणकट इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर आणि बेताची किंमत. बहुसंख्य गाड्या अमेरिकेला गेल्या. तिथे सुरक्षेचे नियम कडक झाले : कमी वेगाच्या धडकेत दिवे शाबूत राहावेत, बंपर ठरावीक उंचीवर असावा. नवी गाडी घडवण्याइतका पैसा मालक कंपनी ब्रिटिश लेलँडकडे नव्हता; १९७५ मध्ये तर ती सरकारलाच ताब्यात घ्यावी लागली. तेव्हा जुन्याच गाडीला नवा बंपर लावला आणि तिची उंची वाढवली. परिणामी ती वळणावर अधिक झुकू लागली.

म्हणजे त्या काळ्या बंपरमध्ये अमेरिकेचा कायदा आहे, ब्रिटिश उद्योगाची ओढगस्त आहे आणि निर्यातीवर जगणाऱ्या कारखान्याची अगतिकताही आहे. एवढे सारे सांगणारा दुसरा भाग त्या गाडीत क्वचितच सापडेल.

वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेने प्रत्येक कालखंडाच्या भरीचा मान राखावा असे सांगितले. ऐतिहासिक वाहनांसाठी ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने केलेली तुरीन सनद त्याच वाटेने जाते. इथे तर प्रश्न त्याहून सोपा आहे. १९७७ च्या गाडीला काळा बंपर कोणी मागाहून चिकटवला नव्हता. ती तो घेऊनच जन्मली. तिला १९६७ चा तोंडवळा देणे हा जीर्णोद्धार नव्हे, वेषांतर आहे. मालकाला तो अधिकार अवश्य आहे. फक्त त्याला ‘मूळ’ म्हणू नये.

झुकणारी गाडी सुरक्षिततेसाठी पुन्हा खाली घेणे मात्र समजण्यासारखे आहे. माणसाच्या जिवापुढे पुराव्याने मागे सरावे.

खरी कसोटी पत्र्याची. एमजीबीला वेगळी चासी नाही. सारा भार बॉडीच पेलते आणि दारांखालचे सिल हा तिचा कणा. पुढच्या चाकांमागे चिखल साचतो, ओल धरतो आणि सिल आतून कुजत जाते. बाहेरून रंग तजेलदार, आत भुगा! सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीला आडवे टेकू वेल्ड करावे लागतात, नाहीतर बॉडी मधोमध खचते आणि दार पुन्हा नीट लागत नाही. कुजक्या सिलवर नवा पत्रा चढवून रंग मारणे ही या व्यवसायातली जुनी लबाडी. बंपर बदलणारा निदान उघडपणे बदलतो. हा मात्र दस्तऐवजच बनावट करतो.

याउलट ब्रिटिश मोटर हेरिटेजचे काम. या संस्थेने कारखान्याचे मूळ साचे शोधून १९८८ मध्ये एमजीबीची अख्खी बॉडी नव्याने बनवायला घेतली. पूर्ण कुजलेल्या गाडीला त्यामुळे दुसरा जन्म मिळाला. ही नक्कल आहे काय? बॉडीपुरते बोलायचे तर होय, पण प्रामाणिक नक्कल. आणि तिच्यामुळे साच्यांबरोबर ते जोडण्याचे कसबही टिकले. अर्थात जी बॉडी चार ठिकाणी वेल्डिंग करून वाचते, ती सोय म्हणून फेकून देणे अक्षम्य.

या वादांत नेहमीची देखभाल दुर्लक्षित राहते, कारण तिचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो निघत नाहीत. दर ३,००० मैलांनी किंगपिनच्या निपलांत ग्रीस मारणे, कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमधील तेल पाहणे, सिलची पाणी निचरण्याची छिद्रे मोकळी ठेवणे, आत मेण फवारणे : इतक्या कंटाळवाण्या कामांनी जेवढा मूळ पत्रा वाचतो, तेवढा कोणत्याही महागड्या जीर्णोद्धाराने वाचत नाही.

आणि जे बदलाल, त्याची नोंद ठेवा. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोल १९९९ अखेर सर्वसाधारण विक्रीतून गेले, म्हणून कित्येक इंजिनांत कठीण व्हॉल्व्ह सीट बसवल्या गेल्या. त्याचे बिलही आता इतिहासाचे साधन आहे. क्रोमचा मोह आवरतच नसेल, तर काढलेला काळा बंपर भंगारात न घालता चासी क्रमांकाची चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवावा. पुढचा मालक कदाचित तोच मागेल.